वठलेल्या झाडालाही गिऱ्हाईक आहे

महोदय,

जांबोटी-कणकुंबी भागात यंदा संक्रांतीनंतर मोठा काळा सुतार पक्षी अधूनमधून दिसतो आहे. परसातल्या नारळावर येणारा सोनपाठी सुतार सगळ्यांच्या ओळखीचा. हा तो नव्हे. हा कावळ्याहून मोठा, काळाकुळकुळीत, पोट पांढरे. नराचा सगळा माथा लाल आणि गालावर लाल पट्टी. मादीचे डोके फक्त मागच्या बाजूला लाल. त्याची ठोकठोक ऐकून रानात कुणी कुऱ्हाड चालवतंय म्हणून आमचा गडी एकदा चोर धरायला निघाला होता!

माझ्या काजूच्या बागेच्या बांधावर एक वठलेला किंदळ आहे. त्याची साल सोलून हा मुंग्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या खातो. परवा जळणाचा व्यापारी त्याच झाडाचा भाव करून गेला. ‘मेलेलंच आहे, ठेवून काय करणार?’ व्यवहाराने त्याचे बरोबर. पण या पक्ष्याला ढोली कोरायला असेच जाड, वाळलेले खोड लागते, आणि तो गेला की त्याच ढोलीत घुबड, मैना नाहीतर उडती खार राहते. किंदळ मी विकलेला नाही.

हद्दीचा विषय आपल्याकडे चघळून चोथा झाला आहे, तरी ही एक हद्द सांगतो. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. आतली झाडे राखली जातात. बाहेरच्या मालकी रानात मात्र वठलेले झाड म्हणजे नुसते जळण. घरावर वा विजेच्या तारांवर कलणारे झाड जरूर काढा, त्याला माझी हरकत नाही. पण कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने बहुतेक झाडे तोडायला परवानगी लागतेच. तेव्हा पाहणीला येणाऱ्या वनखात्याच्या माणसाने एकदा मान वर करून खोडात ढोली आहे का ते बघावे. निदान जानेवारी ते मे, विणीच्या दिवसांत, असे झाड पाडू देऊ नये.

बेळगावहून फोटोवाल्यांचे फोन येऊ लागले आहेत. जागा मी सांगणार नाही. मोबाईलवर या सुताराचीच हाक वाजवून हे लोक त्याला जवळ बोलावतात, आणि तो पिल्ले सोडून धावत येतो. हा प्रकार आमच्या रानात नको.

– एक काजू बागायतदार, जांबोटी भाग, ता. खानापूर