समुद्राकाठच्या फेस्टिवलात हलगी-संबळला रात्रीची वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात समुद्राकाठी म्युझिक फेस्टिवल भरवतात, त्यात चूक काही नाही, पण तिथं आपल्या मराठवाड्यातल्या लोककलावंतांना कुठल्या वेळेला उभं करतात त्याबद्दल लिहायचंय. यंदा मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका फेस्टिवलला आम्ही घरचे सगळे गेलो होतो, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून. पोस्टरवर हलगी आणि संबळ लिहिलेलं, आणि आम्ही पडलो तुळजापूरकडची माणसं, त्यामुळं ते ऐकायचंच असं ठरवूनच निघालो. स्टेज मस्त, साउंड एक नंबर. आणि आपल्या पार्टीला वेळ काय, तर दुपारी चार, पंधरा मिनिटं.

आपल्याकडं ४२ डिग्रीत माणूस रानात काम करतो, घाम येतो, वाऱ्यानं सुकतो आणि जरा गार वाटतं, घरी आलं की कूलरवर भागतं. तिकडं पारा ३४ दाखवतो पण हवा इतकी दमट की घाम सुकतच नाही, नुसता निथळत राहतो. म्हणून तर हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० धरतं आणि किनारपट्टीला ३७. अशा हवेत पायघोळ अंगरखा घालून, गळ्यात कवड्यांच्या माळा, कमरेला संबळ बांधून माणसं वाजवत होती, आणि समोर मोजकीच मंडळी कारण बाकीचे सगळे सावलीला. मुळात गोंधळ ही रात्रीची गोष्ट आहे, आईच्या नावानं दिवटी पेटवायची आणि रात्र जागवायची. चारच्या उन्हात दिवटी पेटवली काय नि नाही काय, कुणाला दिसणार ती?

दुसरं म्हणजे कातडं. हलगीचं कातडं दमट हवेत ओल धरतं, सैल पडतं, मग ती ठणठणत नाही, नुसती थपथप करते. आपल्याकडं पावसाळ्यात असंच होतं आणि वाजवायच्या आधी कागद, पाचट पेटवून हलगी शेकतात हे गावात लहान पोरालाही माहितीय. तिथं स्टेजमागं हलगीवाले मामा रद्दी पेटवायला बसले तर एका पोरानं येऊन सांगितलं की मंडप आहे, जाळ चालणार नाही. बरोबर आहे त्याचं, मंडपाजवळ जाळ नकोच, पण मग लांब वाळूत एक जागा दाखवायची की नाही? मामा मग हलगी उन्हाकडं धरायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, पुन्हा फिरवून धरायचे. “शेकल्याबिगर बोलत नाही ओ ही,” एवढंच म्हणाले. कुणीतरी वरून म्हणतंय, फायबरची आणायची ना. फायबरला ओलीचा त्रास नाही हे खरं, पण तिचा आवाज सपाट, कातड्याचा घुमारा तिच्यात नाही, आणि कुठली वाजवायची ते वाजवणाऱ्यानं ठरवावं.

साउंड चेकही दिला नाही. रात्रीच्या बँडचं टेस्टिंग मात्र आम्ही आल्यापासून चालू होतं. दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडं जोरात येतो, तो सगळा माइकमधे फडफडत होता, तुणतुणं तर ऐकूच आलं नाही. तरी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत हलगी तापली आणि कडाडली तशी पाण्यात खेळणारी पोरं तशीच ओल्या कपड्यानं पळत आली आणि नाचायला लागली, आणि तेवढ्यात खालून हात दाखवला, वेळ संपली. फार वाईट वाटलं हो.

आयोजकांची अडचण कळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री १० ला स्पीकर बंद, सवलत वर्षातले ठरावीक दिवसच मिळते, मे मधे दिवस मावळायलाच सात वाजतात, म्हणजे हातात उरले तीन तास आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. पण तीन तासांत हलगी-संबळला अर्धा तास निघत नाही हे पटत नाही. आपल्या नांदेडचा संगीत शंकर दरबार फेब्रुवारीत असतो, तेव्हा आपल्याकडं हवा कोरडी, म्हणून हा कातड्याचा प्रश्न आपल्या लोकांच्याही चटकन लक्षात येत नाही.

म्हणून पार्टीवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे की किनाऱ्यावरची सुपारी घेतानाच वेळ अंधार पडल्यावरची मागा, साउंड चेक आणि शेकायला जागा आधीच ठरवून घ्या, जमल्यास लिहून घ्या. आणि संपादक साहेब, हे पत्र कोकण आवृत्तीतही छापा, आयोजक तिकडचेच आहेत.

आपला एक वाचक,
नळदुर्ग, जि. धाराशिव