इंग्लंडमधील जुने पब का बंद पडतात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील जुने पब एकामागून एक बंद पडत असल्याबद्दलचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. नवी पिढी कमी पिते, घरी बसून पिणे स्वस्त पडते, ही त्यात दिलेली कारणे खोटी नाहीत. पण तेवढ्यावरच विषय आटोपल्यामुळे या वास्तूंचे भवितव्य केवळ गिऱ्हाइकाच्या तहानेवर अवलंबून असते, असा वाचकांचा समज होईल. मी इंग्लंडच्या मध्य भागात राहतो आणि मद्य घेत नसलो तरी जुन्या वास्तूंच्या ओढीने अशा बऱ्याच ठिकाणी जाऊन आलो आहे. त्यावरून एवढे सांगावेसे वाटते की या सराया चालल्या रस्त्यांमुळे, बुडाल्या रेल्वेमुळे, आणि आज त्यांचे काय होणार हे बव्हंशी जागेचा भाव आणि कायदा ठरवतो.

आज सरसकट पब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागा पूर्वी निरनिराळ्या होत्या. प्रवाशाला बिछाना आणि घोड्याला तबेला देणारी सराई म्हणजे इन, वाइन विकणारे टॅव्हर्न आणि साधी बिअर विकणारे एलहाउस. १५५२ च्या कायद्याने एलहाउसला स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा झाला. पुढे १५७७ मध्ये कर बसवण्याच्या हेतूने मोजदाद झाली, तेव्हा १४,२०२ एलहाउस, १,६३१ सराया आणि ३२९ टॅव्हर्न नोंदवले गेले. सराया संख्येने थोड्या, पण हमरस्त्यावरची मोक्याची जागा त्यांचीच असे. ग्लॉस्टरची 'न्यू इन' तर पंधराव्या शतकाच्या मध्यास तिथल्या मठानेच बांधली, कारण दुसऱ्या एडवर्ड राजाच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंची सोय करायची होती.

रस्त्याशी असलेले हे नाते पाहायचे तर स्टॅमफर्डच्या 'द जॉर्ज'मध्ये जावे. लंडनहून उत्तरेला स्कॉटलंडकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवरची ही सराई. तिची पाटी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या टाकलेल्या तुळईवर आहे आणि ती रचना थेट फाशीच्या खांबासारखी दिसते. वाटमाऱ्यांना धाक बसावा म्हणून ती तशी केली, असे तिथे सांगतात. आत गेल्यावर दोन दारांवर 'लंडन' आणि 'यॉर्क' अशी नावे दिसतात. एसटी स्थानकात फलाटावर गावाची पाटी असावी तसाच हा प्रकार: दक्षिणेला जाणाऱ्यांनी एका खोलीत थांबायचे, उत्तरेला जाणाऱ्यांनी दुसऱ्या. भरभराटीच्या दिवसांत रोज वीस घोडागाड्या एका दिशेने आणि वीस दुसऱ्या दिशेने इथून जात. १७८४ मध्ये जॉन पामर यांनी ब्रिस्टल-लंडन मार्गावर टपालाची घोडागाडी सुरू केली, तेव्हापासून वेळापत्रकाला भलतेच महत्त्व आले. घोडे बदलण्याचे काम काही मिनिटांत उरकावे लागे, आणि त्यासाठी ताजे घोडे, मोतद्दार, आचारी असा सारा बारदाना सराईला अष्टौप्रहर सज्ज ठेवावा लागे.

मग रेल्वे आली. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा मुख्य मार्ग स्टॅमफर्डला बाजूला ठेवून पीटरबरोवरून गेला आणि ग्रेट नॉर्थ रोडवरची गाड्यांची वर्दळ ओसरली. योगायोग असा की याच कंपनीच्या हाती लंडनच्या सदर्क भागातली दुसरी एक 'जॉर्ज' सराई लागली. १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिलेली, अंगणाभोवती लाकडी सज्जे असलेली ही वास्तू कंपनीने मालाचे आगार म्हणून वापरली आणि १८८९ मध्ये तिच्या दोन बाजू गोदामांसाठी पाडून टाकल्या. उरलेली दक्षिणेची बाजू १९३७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. सज्जे शाबूत असलेली लंडनमधली ही शेवटची सराई. तिथे पिणाऱ्यांचा तुटवडा कधी पडल्याचे ऐकिवात नाही.

कायद्याचा हातही तितकाच जड होता. १८३० मध्ये सरकारने दोन गिनी (सुमारे दोन पौंड) शुल्कात कोणाही करदात्याला बिअर विकण्याची मुभा दिली आणि गल्लोगल्ली बिअरची दुकाने निघाली. १९०४ मध्ये नेमके उलट, भरपाई देऊन जास्तीचे पब बंद करण्याचा कायदा आला. १९८९ च्या सरकारी आदेशाने दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या बिअर कंपन्यांना लगाम घातला. हेतू स्पर्धा वाढावी असा होता. प्रत्यक्षात हजारो पब अशा नव्या कंपन्यांकडे गेले, ज्या स्वतः बिअर बनवत नव्हत्या आणि पबकडे स्थावर मिळकत म्हणून पाहत होत्या. माझ्या मते आजच्या पडझडीचे मूळ इथे आहे. आपल्या लेखात मात्र या आदेशाचा उल्लेखही नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. नॉटिंगहॅमच्या 'ट्रिप टू जेरुसलेम' या पबच्या छायाचित्राखाली 'स्थापना ११८९' असे छापले आहे. तो पबच्या भिंतीवर रंगवलेला दावा आहे. आज उभी असलेली इमारत मुख्यतः सतराव्या शतकातली आहे, आणि त्याच शहरातले आणखी दोन पबही जुनेपणाचा मान आपलाच असल्याचे सांगतात.

आता जागा आणि कायदा यांच्या ओढाताणीची दोन अलीकडची उदाहरणे. लंडनमधला १९२० च्या दशकातला 'कार्ल्टन टॅव्हर्न' मालकाने एप्रिल २०१५ मध्ये परवानगीवाचून पाडला. वास्तूला संरक्षित दर्जा देण्याची तयारी सुरू असल्याने तिची बारकाईने पाहणी झाली होती. त्या आधारे वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, ती होती तशी पुन्हा बांधायला लावली आणि २०२१ मध्ये ती उघडली. २०१७ पासून तर पब पाडायला किंवा त्याचे दुसरे काही करायला नियोजनाची परवानगी सगळीकडेच लागते. तरीही स्टॅफर्डशरमधला, खाणींमुळे जमीन खचून एका अंगाला कललेला 'क्रुकेड हाउस' विक्रीनंतर काही दिवसांतच, ५ ऑगस्ट २०२३ रोजी आगीत सापडला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या कौन्सिलने तो तीन वर्षांत पुन्हा बांधण्याचा आदेश काढला, त्याला मालकांनी आव्हान दिले. लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास या दोन प्रकरणांची माहिती त्यात जरूर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लेस्टर