सात हजारांची पावती आणि दारावरची नोटीस: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी मालाड पूर्वेला राहते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मोडणाऱ्या डोंगरावरच्या वस्तीत. एका शाळेत मावशी म्हणून काम करते. सरकारी भाषेत मी 'अतिक्रमणधारक' आहे आणि पार्काबाहेरच्या घरासाठी 'पात्र'सुद्धा आहे. आपल्याला सवड झाली, तर या दोन शब्दांपैकी कुठला खरा धरायचा तेवढं कळवावं, म्हणून हे पत्र.

गेल्या मंगळवारी मी कामावर असताना माझ्या दारावर नोटीस चिकटवून गेले. दार पत्र्याचं. खळ भरपूर लावली होती, पण पत्रा तापला आणि संध्याकाळपर्यंत कागद अर्धा सुटून लोंबत होता. सात दिवसांत जागा खाली करा. नाव माझ्या वडिलांचं. ते २०११ साली गेले. त्यांना सात दिवसांत कुठून कुठे हलवायचं, ते मात्र नोटिशीत लिहिलेलं नाही.

त्याच दारामागे, पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्याच्या घडीत एक पावती आहे. सात हजार रुपये फक्त. शाई आता चहासारखी दिसते. हे सात हजार कसले, हे कदाचित तुमच्या आताच्या साहेबलोकांना सांगावं लागेल, म्हणून सांगते. पार्कातली अतिक्रमणं हटवा म्हणून १९९५ मध्ये हायकोर्टात याचिका झाली. ७ मे १९९७ ला आदेश आला. पुढे ठरलं की ज्यांच्याकडे १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा आहे त्यांनी सात हजार भरावे, त्यांना पार्काबाहेर घर मिळेल. माझे वडील गिरणीतले. ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली, लालबागची खोली गेली, तेव्हा ते या डोंगरावर आले. जंगल बळकावलं म्हणता ना? ते आम्हांला विकलं गेलं, साहेब. विकणारा दादा वेगळा, डोळेझाक करणारा वेगळा. नंतर रेशनकार्ड आलं, मतदारयादी आली, मीटर आलं, आणि दर पाच वर्षांनी हात जोडणारेही आले. तेव्हा कुणाला इथे जंगल दिसलं नाही.

सात हजारांसाठी आईची बोरमाळ गेली. वडील दोन दिवस रांगेत उभे होते, दुसऱ्या दिवशी मी त्यांना डबा घेऊन गेले होते. खिडकीतल्या माणसाने पावती देताना वर न बघता सांगितलं, "दीड-दोन वर्षं धरा." आम्ही धरली. अजून धरून बसलो आहोत.

काहींना चांदिवलीत घरं मिळाली, अकरा हजारांच्या आसपास कुटुंबं गेली म्हणतात. आमच्या रांगेतले दोघे गेले, त्यांना माझ्याकडून शुभेच्छा. बाकीच्यांचं अडलं ते विमानांमुळे. विमानतळ जवळ, म्हणून पुढच्या इमारती उंच बांधता येईनात. म्हणजे जमिनीवर आम्ही जंगलाच्या आड येतो आणि आकाशात विमानांच्या. मग मरोळ-मरोशीचं नाव निघालं, पण ती जागा आरेच्या जंगलात पडते. आता ठाण्याकडचं काहीतरी ऐकू येतं. माझ्या मुलाने मोबाईलवर हिशेब केला. ते सात हजार आठ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते, तर आज पन्नास हजारांच्या वर गेले असते. आमच्यासारखी वीस हजार कुटुंबं धरली तर नुसती मुद्दलच चौदा कोटी होते. मी दहावी नापास आहे, आकडा चुकला असेल तर तुम्ही बरोबर आकडा छापून आणा. आम्ही तो भिंतीवर लावू.

भिंतीवरून आठवलं. २ जुलै २०१९ ची मध्यरात्र. मालाडच्याच डोंगरावर, पिंपरीपाड्यात, पाण्याच्या टाकीची संरक्षक भिंत पावसात कोसळली आणि खालच्या झोपड्या वाहून गेल्या. तीसच्या आसपास माणसं गेली. त्या वस्तीतही सात हजारांच्या पावत्या होत्या. चिखलात त्यातल्या किती गेल्या असतील देव जाणे. त्या रात्रीनंतर मी आमची पावती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून ठेवली. पाऊस जोरात आला की मी आधी पेटी खाटेवर चढवते, मग पोरांना उठवते. आई म्हणून हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

तुमचे लोक म्हणतील, ही बाई जंगलाच्या विरुद्ध आहे. अजिबात नाही. तुळशी आणि विहारचं पाणी शहर पितं हे मला कळतं. आणि बिबट्या मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. रात्री संडासला जायचं तर आम्ही चौघी-पाचजणी मिळून जातो, काठी आपटत, मोबाईलवर गाणं लावून. मागच्या थंडीत त्याने आमचा काळ्या कुत्रा नेला. सकाळी पायरीवर फक्त पट्टा होता. २००४ साली माणसं मेली तेव्हा आम्ही महिनाभर अंधार पडल्यावर दार उघडलं नव्हतं. तरी आम्ही त्याला मारा म्हणून कधी मोर्चा काढला नाही. अलीकडच्या मोजणीत पार्क आणि आसपास ५४ बिबटे सापडले. कॅमेरे लावून, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखतात. फार चांगलं काम आहे. आमच्या बोटांचे ठसे तीनदा घेतले, फोटो दोनदा काढले, तरी नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने येते. आम्हांलाही ठिपके असते तर बरं झालं असतं.

जंगल वाचवायचंच आहे ना, मग सगळ्यांपासून वाचवा. ठाणे-बोरिवली बोगदा पार्काच्या पोटातून जाणार. जवळजवळ बारा किलोमीटर, १६,६०० कोटी. १३ जुलै २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला. गोरेगाव-मुलुंड रस्त्याचा बोगदाही त्याच जंगलाखालून. त्यांना कुणी अतिक्रमण म्हटलेलं मी वाचलं नाही, त्याला 'कनेक्टिव्हिटी' म्हणतात. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली. पोरंपोरी रडत होती, त्यांनाच उचलून आत टाकलं. आणि आमच्या पलीकडचे वारली! पार्काच्या पाटीच्या कितीतरी आधीपासून त्यांचे पाडे आहेत, वाघदेवाला नारळ तेच फोडतात. २००६ चा वनहक्क कायदा त्यांच्यासाठीच झाला म्हणे. तरी घराचा पत्रा बदलायचा तर तेही गार्डला घाबरतात.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. मुंबई-ठाण्यात खाजगी वनाच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. त्या जमिनींच्या नोटिसा १९५६-५७ च्या. पुढे सातबारावर 'वन' लागलं, हजारो फ्लॅटवाले हवालदिल झाले. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१४ मध्ये निकाल दिला: नुसती नोटीस काढली म्हणजे जमीन वन होत नाही. लोक सुटले, मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिथल्या दोन घरांत माझी बहीण पोळ्या करते, तिला त्या दिवशी पेढे मिळाले. पण मग मला सांगा, त्यांची पन्नास-साठ वर्षं जुनी नोटीस पुरेशी नव्हती, आणि माझ्या दारावरची, मेलेल्याच्या नावाची, अर्धी सुटलेली नोटीस सात दिवसांत पुरेशी कशी होते? वकील सांगेल कायदा वेगळा आहे. असेलच. आमच्या वाट्याचा कायदा कायम वेगळाच असतो.

मागणं मोठं नाही. पैसे भरलेल्यांची यादी नावासकट जाहीर करा, वस्तीत लावा, नोटीस लावता तशी. घर कुठे आणि कधी, ते लेखी द्या, आणि ते मिळेपर्यंत भर पावसाळ्यात जेसीबी आणू नका. मुलगी बारावीला आहे, रात्री आमचं घर झोपलं की ती ओट्याशी बसून अभ्यास करते. तिने मला परवा विचारलं, "आई, परीक्षेच्या फॉर्मवर पत्ता कुठला लिहू?"

पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ पावती मागू नका, ती मी कोणाच्या हातात देणार नाही. उत्तर पाठवायचं झालं तर पत्ता तुमच्या नोटिशीवर आहेच, फक्त वडिलांच्या नावाखाली माझं नाव घाला. आज शनिवार, म्हणजे तुमची कचेरी बंद. आमच्या सात दिवसांतला हा पाचवा.

आपली,
एक पावतीधारक
मालाड (पूर्व)