बर्गंडीच्या ड्यूकला नुसता ‘देवभोळा’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला व्हर्सायच्या राजवाड्यावरचा लेख आवडला. आरसेमहाल, कारंजी, मेजवान्या हे सगळे छान उतरले आहे. मात्र चौदाव्या लुईचा थोरला नातू, बर्गंडीचा ड्यूक लुई, याला लेखकाने ‘देवभोळा, म्हणून लढाईत हरलेला’ अशा एका ओळीत निकालात काढले. फ्रान्सच्या इतिहासाचा मी जुना वाचक आहे आणि या राजपुत्राबद्दल मला फार आस्था आहे, म्हणून हे पत्र.

हा मुलगा जन्माने शांत किंवा सात्त्विक नव्हता. त्याला जवळून पाहिलेल्या सें-सिमों या दरबारी आठवणकाराने त्याच्या लहानपणचे जे वर्णन केले आहे ते वाचून धडकी भरते. नावडत्या कामाची वेळ झाल्याचे टोले पडले की तो घड्याळच फोडायला धावे. पावसाने बेत मोडला तर पावसावर चवताळे. 1689 मध्ये, सात वर्षांचा असताना, तो फेनेलों या धर्मगुरूच्या हाती आला. फेनेलोंने छडी वापरली नाही. मुलगा संतापला की नोकरचाकर आणि शिक्षक त्याच्याशी जवळजवळ बोलणेच बंद करत, पुस्तके बाजूला ठेवत आणि आजारी माणसाशी वागावे तसे त्याच्याशी वागत. त्या दिवशी जी चूक झाली असेल तिच्यावर बेतलेली गोष्ट फेनेलों स्वतः लिहून त्याला वाचायला देई. ‘तेलेमाक’ ही गाजलेली कादंबरीही याच विद्यार्थ्यासाठी लिहिलेली. चांगला राजा कसा असावा हे सांगणारे ते पुस्तक 1699 मध्ये छापून बाहेर आले आणि त्यात आपल्यावर टीका आहे असे मानून चौदावा लुई कायमचा दुखावला. त्याआधीच, 1697 मध्ये, एका धार्मिक वादापायी फेनेलोंची रवानगी कांब्रे या त्याच्या धर्मप्रांतात झाली होती. गुरुशिष्यांच्या पत्रव्यवहारावर बंदी आली. तरी शिष्याने गुरूला अंतर दिले नाही. पुढे संधी मिळताच चोरून पत्रे सुरू झाली.

वयात आल्यावर हा राजपुत्र उपास, प्रार्थना, धर्मगुरूपुढे पापांची कबुली हे सारे कडकपणे पाळी. आजोबांचा रोष पत्करून त्याने दरबारचा नाच टाळला, हे खरे. पण त्याची भक्ती प्रार्थनाघरात संपत नव्हती. त्याच्या शिक्षणासाठी बोव्हिलिए या त्याच्या पालक-सरदाराने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना प्रश्नावली धाडून लोकसंख्या, पिके, व्यापार, कर यांची माहिती मागवली. 1700 च्या सुमारास जमलेले ते अहवाल अभ्यासक आजही वापरतात. युद्धांनी पिळून निघालेल्या देशात भावी राजाला हे शिकवले जात होते, ही मला त्या दरबारातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नव्हे, असे तो मार्ली या राजाच्या दुसऱ्या वाड्याच्या दिवाणखान्यात उघड बोलला, असे सें-सिमों सांगतो. चौदाव्या लुईच्या घरात हे बोलायला छाती लागते.

आता ज्या लढाईतल्या पराभवाचे खापर त्याच्यावर फुटते, ती ऊदनार्दची लढाई. 11 जुलै 1708 रोजी समोर मार्लबरो आणि युजीन हे शत्रूचे कसलेले सेनापती होते. नावाला सैन्य राजपुत्राचे, अनुभव त्याच्यासोबतच्या व्हेंडोम या सेनापतीचा, आणि दोघांचे अजिबात पटत नव्हते. उजवी बाजू झुंजत असताना राजपुत्राकडची डावी बाजू जवळपास उभीच राहिली. त्याच वर्षी लील शहरही गेले. व्हेंडोमच्या बाजूच्या लोकांनी पॅरिसमध्ये राजपुत्रावर टवाळ गाणी पसरवली आणि आपल्या लेखातली ओळ हा त्याच गाण्यांचा उरलेला अंश आहे. दोन सेनानींच्या बेबनावाचे खापर जपमाळेवर फोडणे बरोबर नाही. त्याचे दोष होते. तो फार चिकित्सा करत बसे, निर्णय लांबवी. खुद्द फेनेलोंने त्या दिवसांत त्याला पत्रांतून बजावले की धर्मनिष्ठा क्षुद्र आणि भित्री असू नये. देशोधडीला लागलेल्या प्रोटेस्टंटांना परत बोलावण्यासही तो अनुकूल नव्हता. त्याच्या करुणेची ही मर्यादा मी लपवणार नाही.

एप्रिल 1711 मध्ये त्याचे वडील देवीने गेले आणि तो युवराज झाला. नोव्हेंबरात फेनेलों आणि शव्हरझचा ड्यूक यांनी शोन इथे बसून त्याच्या भावी राज्यकारभाराचा आराखडा केला. तहाची बोलणी, दरबारी खर्चाला कात्री, प्रांतोप्रांती प्रतिनिधींच्या सभा, मिठावरचा कर रद्द, असे बरेच काही त्यात होते. मग गोवराची साथ आली. 12 फेब्रुवारी 1712 रोजी पत्नी मारी आदेलाइद गेली, 18 ला तो स्वतः मार्ली इथे गेला, आणि 8 मार्चला थोरला मुलगा. राजपुत्र अवघा 29 वर्षांचा होता. दोन वर्षांचा धाकटा मुलगा तेवढा वाचला, कारण त्याला सांभाळणाऱ्या व्हांतादूरबाईंनी त्याला वैद्यांच्या हाती लागू दिले नाही. तोच पुढे पंधरावा लुई. फेनेलोंने राजपुत्राला लिहिलेले कागद म्हाताऱ्या राजाने स्वतः जाळले. मिठाचा कर उठायला 1790 उजाडावे लागले.

त्या ओळीची दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास फेनेलों व त्याच्या या शिष्यावर पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली