टँडेमला आधी ब्रेक, मग पॉवर मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पुण्या-मुंबईकडच्या घाटांत टँडेम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकली, दिसू लागतात. पुढे डोळस पायलट आणि मागे दृष्टिबाधित स्टोकर अशा जोड्याही त्यांत असतात. पॅरालिम्पिकमधल्या टँडेम शर्यतींची रचना हीच. तयारी नेटकी व्हावी म्हणून कोणी पॉवर मीटर, म्हणजे पाय किती वॅट ताकद लावतात ते मोजणारे यंत्र, बसवून घेत असेल तर चांगलेच आहे. पण असे मीटर असलेली महागडी पेडल्स लावलेल्या टँडेमला ब्रेक मात्र एकट्याच्या सायकलीचे, हा क्रम उलटा आहे. तो सुलटा व्हावा म्हणून हे पत्र.

दोन माणसे आणि सायकल मिळून वजन सहज १५५ किलोपर्यंत जाते. चाके दोनच, आणि वारा अडतो तो एका माणसाला अडतो त्याहून थोडाच जास्त. त्यामुळे उतारावर टँडेम भराभर वेग घेते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना पाचशे मीटरहून अधिक उतरावे लागते. १५५ किलो वजन ५०० मीटर खाली आले की साडेसात लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत दोन लिटरहून जास्त पाणी उकळेल. वेगाने उतरलात तर तिचा मोठा वाटा वाऱ्यात जातो. भीतीपोटी ब्रेक दाबून सावकाश उतरलात तर बहुतेक सगळी ब्रेकवर येते. ६ टक्के उतारावर ताशी २५ किलोमीटरचा वेग धरून ठेवायचा तर ब्रेकना सतत ५०० वॅटच्या आसपास उष्णता झेलावी लागते.

रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर, घासणारे ब्रेक असतील तर ही उष्णता रिममधून ट्यूबपर्यंत जाते. आतली प्लॅस्टिकची पट्टी मऊ होऊन आऱ्यांच्या भोकांत खचते, हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटते किंवा टायर रिमवरून उडतो. पुढच्या चाकाला हे झाले तर पायलटच्या हातात काही उरत नाही. सपाट रस्त्यावर चांगले व्ही-ब्रेक (लांब हातांचे रिम ब्रेक) आणि कापडी रिम टेप पुरते, पण व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढणारे लिव्हरच हवेत. रेसिंग हँडलचे साधे लिव्हर लावले तर ते हँडलला टेकतात आणि ब्रेक अर्धाच लागतो. कार्बन रिम आणि रिम ब्रेक ही जोडी टँडेमला नकोच.

घाटासाठी दोन्ही चाकांना २०३ मिलिमीटरच्या डिस्क बसवाव्यात. त्याआधी फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि फ्रेमला एवढी मोठी डिस्क चालते का, हे कंपनीच्या कागदावर पाहावे; पुढचा फोर्क तेवढ्या ताकदीचा नसेल तर ब्रेक नव्हे, फोर्क बदलायचा. डिस्क सलग स्टीलची असावी. मधे अॅल्युमिनियमचा थर असलेल्या डिस्क एकट्याच्या सायकलीला उत्तम. पण अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि लांब उतारावर टँडेमची डिस्क धोक्याच्या पातळीपर्यंत तापू शकते. पॅड सिंटर्ड, म्हणजे तापवून घट्ट केलेल्या भुकटीच्या, धातूचे घ्यावेत. रेझिनचे पॅड तापले की काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पकड सोडतात.

मागच्या ब्रेकची वायर हा दुर्लक्षित भाग. साधी वायर मागच्या चाकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून दोन वायरी क्लॅम्पने जोडण्याचा जुगाड होतो. तो कृपा करून करू नका. टँडेमसाठी तीन मीटरच्या वर लांबीच्या अखंड वायरी मिळतात. एवढ्या लांबीत साधे आउटर, म्हणजे वायरीवरचे आवरण, दाबले जाऊन लिव्हर स्पंजासारखा लागतो, तेव्हा न दबणारे, खास ब्रेकसाठी मजबूत केलेले आउटर घ्यावे. गिअरचे आउटर दिसायला तसेच असते, पण ब्रेकच्या जोराने ते फाटते आणि ब्रेक त्याच क्षणी जातो. हायड्रॉलिक असेल तर नळी दोन मीटरच्या वर लागते आणि आतली हवा पूर्ण काढावी लागते. काही हायड्रॉलिक ब्रेकमध्ये असणारा डॉट द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि कमी तापमानाला उकळू लागतो, म्हणून आपल्याकडे दर पावसाळ्यानंतर तो बदलावा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट कधीही घालू नये, सील खराब होतात.

लांब घाटांसाठी जुने जाणकार तिसरा ब्रेक ठेवतात: मागच्या हबवरचा (चाकाच्या मध्यावरचा) ड्रम ब्रेक, गिअरच्या लिव्हरसारख्या जागीच राहणाऱ्या लिव्हरने हलकेच लावून ठेवायचा. तो स्टोकरकडे देता येतो. पायलटने सांगितले की लावायचा, सांगितले की सोडायचा. जपानच्या अराई कंपनीचा ड्रम यासाठी प्रसिद्ध होता, त्याचे उत्पादन आता बंद आहे. तो नसेल तर पुढचा-मागचा ब्रेक आळीपाळीने, थोडा वेळ पण जोरात दाबावा आणि मधे डिस्कला वारा लागू द्यावा. लांबीमुळे टँडेमचे मागचे चाक सहसा उचलले जात नाही, त्यामुळे मागचा ब्रेकही भरपूर काम करतो. डिस्क तापली तर थांबावे. वर पाणी ओतू नये, ती वाकडी होते.

आता पॉवर मीटर. बहुतेक टँडेमवर पायलटची ताकद डाव्या बाजूच्या, दोघांचे क्रँक (पेडलचे दांडे) जोडणाऱ्या टायमिंग चेनने मागच्या क्रँकला मिळते आणि दोघांची मिळून उजवीकडच्या चेनने चाकाला जाते. म्हणून मागच्या उजव्या स्पायडरवरचे (क्रँकला दातेरी चक्र जोडणाऱ्या भागावरचे) मीटर स्टोकरची नव्हे, दोघांची बेरीज दाखवते. हा आकडा स्टोकरचा समजून सरावाचा तक्ता आखला तर तो सुरुवातीपासूनच चुकतो. डाव्या क्रँकवरचे मीटर तर बसतच नाही, कारण बाजारातल्या त्या क्रँकवर टायमिंग चेनच्या चक्राला जागा नसते. हबमधले मीटरही बेरीजच देते, शिवाय टँडेमच्या मागच्या हबची रुंदी बहुधा १४५ मिलिमीटर असल्याने सहज बसत नाही.

सरळ उपाय म्हणजे दोघांना पेडलमधली मीटर. खर्च आवरायचा असेल तर पायलटला पेडल आणि मागे उजव्या स्पायडरचे मीटर. बेरजेतून पायलटचे वॅट वजा केले की स्टोकरचे मिळतात, चेनमध्ये जातात तेवढे थोडे कमी. दोघांचे सायकल-कॉम्प्युटर पेडलना जोडताना एका वेळी पेडलची एकच जोडी जागी करावी, दुसरी पेडल्स स्थिर ठेवून झोपू द्यावीत, आणि सेन्सरचा क्रमांक लिहून ठेवावा. नाहीतर एकाचे वॅट दुसऱ्याच्या पडद्यावर येतात. क्रँकची लांबी प्रत्येकाची वेगळी भरावी. १७० च्या जागी १७५ राहिले तर २०० वॅटला सहा वॅट जास्त दिसतात. पेडल बसवल्यावर चार-पाच जोरदार स्प्रिंट मारून, दोघांनीही खाली उतरून मीटर झीरो करावे, म्हणजे शून्यावर आणावे. टायमिंग चेनमुळे दोघांचा केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) सारखाच असतो. पडद्यांवर तो वेगळा दिसला तर एक सेन्सर चुकतो आहे.

घाटातल्या राइडच्या आयोजकांना विनंती: टँडेमला हेल्मेटची तपासणी पुरत नाही. पॅडचा थर १ मिलिमीटरच्या खाली असेल, १.८ मिलिमीटरची डिस्क १.५ वर आली असेल, किंवा लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल, तर त्या जोडीला उताराच्या आधी गाडीत बसवावे.

– एक सायकल मेकॅनिक, पुणे