आई-बाबा, तंबोरा पुण्याला पाठवू नका

पुणे, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तंबोरा दुरुस्तीला कुणाकडे द्यायचा, हा विषय फोनवर निघाला की बाबांचा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि आई मध्येच "जेवलीस का गं?" विचारून सगळं मिटवून टाकते. म्हणून पत्र. बाबा, रागात असताना लिहावं, पाकिटात घालावं आणि दोन दिवस उशाखाली ठेवून मगच टपालात टाकावं, हे तुमचंच शिकवणं. मीही तसंच करून टाकतेय.

आई म्हणाली, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव झंकार, गेलीय, आवाज बसका येतोय. त्यावर बाबा म्हणाले, "पुण्याला घेऊन जा, तिकडं कुणी आपल्यातला माणूस मिळतो का बघ." मी तेव्हा काही बोलले नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेत एका वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. गल्ल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जवारी ना? होईल की. पण आम्ही मिरजेला पाठवतो. पंधरा-वीस दिवस धरा." बाबा, मी तिथेच हसायला लागले. म्हणजे तंबोरा मी मिरजेहून पुण्याला आणायचा, काकांनी तो मिरजेला धाडायचा, तो आपल्या घरापासून दहा मिनिटांवरच्या सतारमेकर गल्लीत जायचा, आणि परत यायचा. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर तंबोरे करणाऱ्या चाचांच्या दुकानाची पायरी चढायला नको म्हणून.

त्याच चाचांच्या दुकानातून तो तंबोरा आला, १९८८ साली, बाबांना फरकाचे पैसे मिळाले तेव्हा. मी सहा वर्षांची होते. दुकानाच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले असायचे आणि मला वाटायचं त्यात कुणीतरी राहतं. चाचा म्हणायचे, "वहिनी, हा भोपळा पंढरपूरच्या बाजूचा. विठोबाच्या गावचं पाणी प्यालाय, अभंगाला चुकायचा नाही." जवारी काढताना ते घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, कानस अशी फिरवत की आवाजसुद्धा येत नसे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान भोपळ्याला लावायचा. पुन्हा कानस. तासभर हेच. मधे अजान झाली तर ते कानस खाली ठेवत. आई बाकावर बसून वाट बघायची. एकदा मला कंटाळा आला तर तिने दटावलं होतं, "गप बैस, देवाचं चाललंय त्यांचं."

"देवाचं चाललंय." एवढंच म्हणाली होतीस गं तू. कुणाच्या देवाचं, ते तुला सांगावंसं वाटलं नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरचा मंगळवारचा निरोप. "आपला पैसा आपल्याच माणसांच्या हातात" असं ठळक अक्षरांत, खाली कुठल्या कुठल्या दुकानांतून घ्यायचं नाही याची यादी, शेवटी भगवा झेंडा आणि हात जोडलेले. बाबांनी घरच्या गटावर पुढे ढकलला. दादाने अंगठा दाखवला. हे लिहिलं कुणी, असं मी विचारलं तर बाबा म्हणाले, "आलं होतं, पाठवलं." बाबा, तुम्ही? निबंधात "असे म्हणतात" लिहिलं की लाल शाईने "कोण म्हणतात?" असं समासात लिहिणारे तुम्ही? आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती बातमी याच गटावर तुम्हीच टाकली होतीत. वर लिहिलं होतं, "आपल्या मिरजेचा मान." आता सांगा, त्या बातमीतला 'आपल्या' आणि मंगळवारचा 'आपल्या' यांत चाचा नेमके कुठे बसतात? चाचांची शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी, तलवारींचे दिवस सरले तेव्हा वाद्यांकडे वळली आणि गेली दीडशेहून जास्त वर्षं देशभरच्या गवयांच्या मागे त्यांचे तंबोरे वाजतायत. हे मी कुठे वाचलेलं नाही. पाहुणे आले की तुम्ही त्यांना गल्लीतून फिरवत हे सांगायचात.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पहिलं, टिळकांनी नाही का धर्म रस्त्यावर आणला? आणला. खोटं कशाला बोलू. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, आणि गणपती चौकात आला तो त्याच सुमाराला. त्याआधी पुण्यातल्या मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने असायचे, ते पुढच्या वर्षापासून रोडावले, आणि गणेशोत्सवात गाणी म्हणत फिरणाऱ्या काही मेळ्यांची गाणी अशी होती की आज कुणी म्हणून दाखवली तर तुम्हीच कानावर हात ठेवाल. टिळकांना लोक एकत्र आणायचे होते, परक्या सरकारपुढे, हे मान्य. पण एका हाताने जोडताना दुसऱ्या हाताने काय उसवलं, तेही वर्गात सांगायला हवं होतं. गंमत अशी की हेच टिळक १९१६ साली लखनौला मुस्लिम लीगबरोबर करार करायला बसले. म्हणजे त्यांचाही शेवटचा शब्द तो १८९३चा नव्हता.

दुसरं, "ते नाही का मतांसाठी लांगूलचालन करत?" करतात. घटस्फोटित शाहबानोला १९८५ साली सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली आणि १९८६ साली संसदेने कायदा करून तो निकाल बोथट केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अयोध्येत बाबरीचं कुलूप उघडलं. एकाला हे, दुसऱ्याला ते, आणि दोघांचीही मतं. त्यात त्या म्हाताऱ्या बाईची पोटगी गेली ती गेली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ सालीच सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढून गेले होते, तोंडी तलाक बंद करा म्हणून. त्यांच्या मागे कुठला मोठा पक्ष उभा राहिला, आठवून बघा. बाबा, तुमच्या या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. फक्त तो मुद्दा चाचांच्या दुकानापर्यंत कसा पोचतो, ते मला कळत नाही. कायदा केला दिल्लीतल्यांनी आणि दंड भरायचा सतारमेकर गल्लीने?

२००९ आठवा. मी त्या वर्षी गणपतीला आले होते आणि अडकले. विसर्जनाच्या तोंडावर अफझलखानवधाच्या कमानीवरून पेटलं, मग संचारबंदी. मिरजेची विसर्जनाची मिरवणूक, जिच्यासाठी आपण रात्रभर गच्चीवर जागायचो, ती थांबली. मूर्ती मंडपातच. लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेलं. तिसऱ्या दिवशी दूध संपलं. पहाटे कुणीतरी मागच्या दाराची कडी वाजवली. तुम्ही हातात काठी घेऊन दार उघडलंत, तर चाचांचा मुलगा, शर्टाच्या आत दोन पिशव्या दुधाच्या. "सर, आत घ्या लवकर." काठी तुमच्या हातातच होती. तुम्ही ती हळूच दाराआड ठेवलीत. मी जिन्यावरून बघत होते, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

सव्वा महिन्याने, १३ ऑक्टोबरला, विधानसभेचं मतदान झालं. तुम्हाला केंद्राध्यक्षाची ड्यूटी लागली होती. रात्री उशिरा आलात, पाय गरम पाण्यात घालून बसलात आणि म्हणालात, "या खेपेला कुणी रस्ता-पाण्याचं बोललंच नाही." तुम्ही त्या दिवशी जे पाहिलंत, त्यापलीकडे मला धर्म आणि राजकारणाबद्दल फारसं काही म्हणायचं नाही. महाराजांची कमान लावणाऱ्यांत किती जणांना ठाऊक होतं की खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे? तुमच्या वर्गातल्या पोरांना ठाऊक होतं. परीक्षेला यायचं म्हणून का असेना.

कायद्याचंही तुम्हीच शिकवलंय. धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार. विलेपार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक त्याच कलमाखाली रद्द झाली आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताचा हक्क सहा वर्षं गेला तो तिथल्या प्रचारभाषणांपायीच. पुढे २ जानेवारी २०१७ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे आणखी घट्ट केलं, तेही चार विरुद्ध तीन असं. कलम आहे, निकाल आहेत, आणि प्रचाराच्या गाड्यांवर काय वाजतं ते तुम्ही रोज ऐकता. असो.

आई, आता तुझ्याशी. तू म्हणतेस, "मला राजकारण कळत नाही, ह्यांना विचार." तुला कळतं. तुझं माहेर कुरुंदवाड. तिथे मशिदीत गणपती बसतो हे मी पुण्यात सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी थापा मारतेय. मोहरम आणि गणपती एकाच वेळी येतात, त्या दोन-तीन वर्षांत पीर आणि गणपती शेजारी शेजारी. ८६ साली तू मला मामाकडे नेलं होतंस. मला फक्त एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात मोहरमचा गोड चोंगा एवढं आठवतं, आणि दोन्हींचा गूळ एकमेकांना चिकटलेला. मग ३२ वर्षांनी, २०१८ला, ते पुन्हा एकत्र आले तेव्हा तूच म्हणालीस, "आता पुढच्या वेळी मी नसेन बघायला." कुणी परिषद भरवून हे ठरवलं नव्हतं. २९ जून २०२३ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तर किती गावांतल्या मुसलमानांनी कुर्बानी पुढे ढकलली. त्याच महिन्यात, सात तारखेला, कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगड उडाले होते आणि इंटरनेट बंद पडलं होतं. दोन्ही खरं आहे. पण आपल्या गटावर एकच आलं.

आणि आपला मिरासाहेबांचा दर्गा. उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा, हे बाहेरच्याला सांगितलं की तो दोनदा विचारतो. चिंचेच्या झाडाखाली किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्रभर गाणं. तिथे एकदा मी तुझ्या मांडीवर झोपले आणि पहाटे उठले तर तू तशीच बसलेली, पदर ओला. भैरवी चालू होती. गाणारा कोण होता, तुला आठवतं? मला नाही.

तुम्हाला एवढं सगळं ऐकवायला मी फार मोठी लागून गेलेय असं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय आला. नवरा-बायको, दोघं नोकरीला, एक लहान मुलगी, आडनाव मुस्लिम. एकाने म्हटलं, "आपलं कल्चर वेगळं पडेल." बाकीचे गप्प. मीही गप्प. मान खाली घालून मोबाईल चाळत बसले, जणू ऑफिसचं काही महत्त्वाचं आलंय. त्यांना नाही म्हणून कळवलं गेलं. नंतर एकदा ती बाई मला भाजीच्या गाडीवर दिसली, तिने ओळखीचं हसू दिलं आणि मी वांगी निवडत राहिले. त्यांना काय सांगून नाकारलं, ते विचारायचीही माझी हिंमत झाली नाही. बाबा, तुम्ही निरोप पुढे पाठवलात, मी माणसांना परत पाठवलं. त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय, हे तुम्हीच ठरवा.

शुक्रवारी दुकानातून बाहेर पडले आणि घरी येऊन तंबोऱ्याचा जुना फोटो काढला. त्यात भोपळ्यामागची चिठ्ठी दिसते, तीवर नंबर. जुनाच, पण लागला. चाचांचा मुलगा बोलला. नाव सांगायच्या आधीच, "सरांची मुलगी ना?" चाचांचे हात आता कापतात, कानस तो धरतो, पण भोपळ्याला कान लावायला अजून चाचाच बसतात आणि पसंत पडल्याशिवाय तंबोरा सोडत नाहीत. मग जरा थांबून म्हणाला, "सर हल्ली आमच्या गल्लीतून जात नाहीत. पाय दुखतात काय?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

शनिवारी कोयना एक्स्प्रेसने येते. तोवर आई, तारा जरा उतरवून ठेव आणि उंदराने कुरतडलेली गवसणी शिवायला टाक, लाल खणाचं कापड ट्रंकेत आहे. रविवारी सकाळी दहाला जायचं सांगून ठेवलंय. रिक्षात तंबोरा आडवा धरायला एक माणूस लागतोच, आणि दादा काही येणार नाही.

चाचांच्या मुलाने नागरिकशास्त्रात तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्यात, तेही त्याने सांगितलं. सर येणार आहेत का, असं विचारत होता. विचारून सांगते म्हटलं.

तुमची,
ताई