आणीबाणीचा तास आणि चौकटीतल्या बायका

मा. संपादक,

२५ जून आला की आणीबाणीवर तास होतात. फळ्यावर अटकेतल्या पुढाऱ्यांची यादी, शेवटी एका चौकटीत ‘स्त्रियांचे योगदान’. चौकटीवर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून मुलं ती वाचत नाहीत. स्त्रियांचे अनुभव मूळ धड्यातच घ्यायला हवेत.

सुरुवात १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लाटणं मोर्चांपासून करावी. त्यांचं नेतृत्व करणाऱ्या बायका तुरुंगात का गेल्या, हे एरवी कळत नाही. या मोर्चांच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे भूमिगत होत्या. डिसेंबर १९७५ मध्ये पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकांत कोठडीत ठेवलं, शेजारी कुष्ठरोगी कैदी, समोर मनोरुग्ण बाई. दम्याने आजारी अभिनेत्री स्नेहलता रेड्डी बंगळुरूच्या तुरुंगातून १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर सुटल्या आणि पाच दिवसांत गेल्या. लेखिका दुर्गा भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून घेतलेली आणीबाणीविरोधी भूमिका तर मराठीच्या तासालाच अडकून पडली आहे.

हमखास घोटाळा होतो तो आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीवर. आज ही शस्त्रक्रिया बहुतेक बायकांचीच होते, म्हणून मुलं तेव्हाही तसंच धरतात. १९७६-७७ मध्ये देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश पुरुषांच्या. पुढच्याच वर्षी एकूण आकडा दहा लाखांच्या आत आला आणि त्यात बहुसंख्य बायका. पुरुषांना हात लावायला कुणी धजेना. हे दोन आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहावेत.

विद्यार्थ्यांनी त्या काळातल्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या तर घाई हवी. तेव्हाची पंचविशीतली सून आज पंचाहत्तरीपुढे आहे. ‘आणीबाणीत तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की ‘आम्ही काय करणार, हे आत होते’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारावं: पगार बंद झाल्यावर भाडं कसं भरलंत? भेटीला जाताना डब्यात काय न्यायचात? तारखा विचारू नयेत, मुलगा तेव्हा कितवीत होता ते विचारावं. नवरा किंवा मुलगा समोर नको, तेच उत्तरं देऊ लागतात. चाळीस मिनिटं पुरेत. नसबंदीचा विषय विद्यार्थ्याने आपणहून काढू नये. आजीने काढला, तर नोंदीत नाव नको आणि गावही नको; छोट्या गावात तेवढ्यावरून घर ओळखू येतं.

– एक इतिहास शिक्षिका, सांगली